काढ्याचं मडकं परत करत नाहीत

नववा महिना, पहाटेची थंडी सुरू झाल्यावर

लिंगदी,

तुझं काढ्याचं मडकं माझ्याकडे आहे. एवढंच कळवायला हे पत्र. बाकी काही विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

पण लिहायला बसलेच आहे, तर ऐक. त्या संध्याकाळी तू मडकं घेऊन आलीस. "ताई, तुमच्या खोकल्याचे दिवस आले, हे असू द्या तुमच्याकडे," म्हणालीस, आणि उंबऱ्यातूनच माघारी गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. मी मनात म्हटलं, धाकट्या जावेला आज एवढी माया कुठून फुटली! सकाळी बघते तर तुझ्या दाराला कुलूप. तू मुलाकडे, हाइमिंगकडे, वूशी शहरात कायमची राहायला गेलीस, हे मला कुणी सांगावं? दुकानातल्या शेनबाईनं, मीठ तोलता तोलता. दोन सख्ख्या भावांच्या बायका आपण, एका अंगणात संसार केले, एकीची साखर दुसरीच्या डब्यात असायची. आणि मला बातमी मिठाच्या पुडीबरोबर मिळाली. मी तोंड हसरं ठेवलं. "हो, मला ठाऊकच होतं," म्हटलं. शेनबाईला ते खरं वाटलं नाही, तिनं मीठ थोडं जास्त घातलं.

तर मडक्याचं. मी ते आणून देणार नाही. काढ्याचं मडकं उसनं न्यावं, पण परत करू नये. परत करणारा आपलं दुखणं दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवतो. ज्याचं मडकं असेल त्यानं हवं तेव्हा स्वतः येऊन न्यावं. सासूबाईंनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलेलं आहे हे, तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. तेव्हा तूच ये. घाई नाही, पण ये.

आणि एक विचारायचं राहिलं. (वर 'काही विचारायचं नाही' असं लिहून गेले आहे, आता कोण खोडत बसतंय!) परत यायला निमित्त असावं म्हणून तू मडकं ठेवलंस, की जाता जाता घरातली अडगळ काढलीस? खरं काय ते कळव. त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाओझेन


दहावा महिना संपताना

लिंगदी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यांतल्या दोन हवापाण्याच्या. मी विचारलं त्याचं उत्तर नाही. 'ताई, खोकला कसा आहे' एवढं मात्र आहे. तर आता खोकल्याचंच ऐक.

खोकला मजेत आहे. मीच जरा कमी मजेत आहे. पहाटे छातीत शिट्टी वाजायला लागली की तुझे भाऊजी कुशीवर वळून म्हणतात, "चला, गाडी सुटायची वेळ झाली." एवढं विनोदी माणूस नशिबी आल्यावर दुखणं हलकं वाटायला हवं खरं.

गू वैद्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि नेहमीचा काढा दिला: मा-ह्वांगच्या काड्या, कडू जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध. काड्या आधी एकट्या उकळायच्या, वर येणारा फेस काढून टाकायचा, मग बाकीचं घालायचं. तुझ्या मडक्याला तोटी बारीक आहे, त्यामुळे चोथा आत राहतो आणि काढा स्वच्छ येतो. चांगलं मडकं आहे. असं मडकं कुणी टाकून जात नाही, असं मला वाटतं. तुला काय वाटतं?

मधे एक गंमत झाली. औषध संपलं आणि मी तापानं पडून होते. तर हे उठले आणि आपल्या मनानं लोकाटच्या पानांचा काढा करायला बसले. ह्या माणसाचा जन्म लोकाटच्या बागेत गेला. फळ हातात घेऊन ते झाड कुठल्या उतारावरचं ते सांगतील. पण पानाच्या पाठीवरची लव घासून काढायची असते, हे त्यांना माहीत नाही! कसं असणार? ते काम जन्मभर आपण दोघींनी केलं, पायरीवर बसून, काथ्याचा ब्रश घेऊन, गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. पुरुषांना काढा आयता दिसायचा.

मी विश्वासानं प्याले. आणि जी लव घशात गेली म्हणतेस! खोकून खोकून डोळे बाहेर यायची वेळ आली. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी कसंबसं विचारलं, "काय घातलंत हो ह्यात?"

"पानं."

"घासली होतीत?"

"धुतली होती की!"

त्यांचं ते तोंड बघून मला हसू आलं. हसू आलं म्हणून आणखी खोकला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे पायरीवर बसलेले, तुझ्या जागेवर, आणि पानं अशी घासतायत की पानांना भोकं पडली. माणूस शिकतोय तर शिकू द्यावं.

चोथा ते अजून चव्हाट्यावरच नेऊन टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी दुखणं निघून जावं म्हणून. परवा त्यावरून पोस्टमनची सायकल गेली. आता ह्या पत्राबरोबर माझा खोकलाही वूशीला आला तर दोष मला देऊ नकोस.

तू लिहितेस, 'ताई, फोन करा.' गावात फोन एकच, शेनबाईच्या दुकानात, आणि तिथे शेनबाईचे कान तारेच्या आत असतात. शिवाय फोनवर मला धाप लागते, आणि मग तू म्हणशील, 'ठेवा ताई, ठेवा.' कागदावर मला धाप लागत नाही. इथे मी हवं तेवढं बोलू शकते. लोकाटच्या झाडांना फुलं आली आहेत. थंडीत फुलणारं झाड आपलंच, बाकी सगळे झोपलेत. वास अंगणापर्यंत येतो.

बाओझेन


पहिला महिना, नव्या वर्षाचे कंदील उतरवल्यावर

लिंगदी,

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी हाइमिंग आला, एकटा. केकचा डबा आणला, काकांना दारूची बाटली आणली. मी दाराबाहेर डोकावून बघितलं, म्हटलं, आई मागून येत असेल.

"आई कुठाय रे?"

"तिला जरा काम आहे, काकू."

"नव्या वर्षात कसलं काम? शेतं नांगरतेय का वूशीत?"

पोरगं आपल्या बुटांकडे बघत राहिलं. लहानपणी बदकाची अंडी फोडायचं तेव्हा अस्संच बघायचं. तुझ्यासाठी आठ जिनसांचा गोड भात केला होता, खारीक वर लावून, तुला आवडतो तसा. तुझा वाडगाही मांडला होता. मग तो भात ह्यांनी दोन दिवस खाल्ला.

आणि त्याच्या हाती तुझी चिठ्ठी. 'ताई, मडकं तुम्हीच ठेवा. हाइमिंगनं मला विजेचं भांडं घेतलंय, बटण दाबलं की काढा आपोआप होतो.'

मिळालं मला उत्तर. अडगळच काढलीस म्हणायची तू.

मला वाईट वाटलं, लिंगदी. लपवून काय करू? मी इकडे मडकं रोज घासून पुसून ठेवते, तू येशील तेव्हा त्यावर काजळी दिसू नये म्हणून. आणि तुला बटण मिळालं! ठीक आहे. मडकं वापरीन, पण माझं म्हणणार नाही. तुला यायचं नसेल तर सरळ तसं लिहायचं होतंस. विजेचं नाव कशाला पुढे करायचं?

ह्यापुढे मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

बाओझेन

ता. क. त्या विजेच्या भांड्यात लोकाटची पानं घालशील तर आधी घासून घे. बटण लव काढत नाही.


पाचवा महिना, फळं उतरल्यावर

लिंगदी, लिंगदी,

तू महामूर्ख बाई आहेस. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

लोकाटची टोपली घेऊन तुझे भाऊजी तुझ्याकडे जायला निघाले तेव्हा मी म्हटलं, जा, मला काय त्याचं! दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. मी विचारणार नव्हते. तरी विचारलं.

"कशी आहे?"

"छान आहे. जरा अंग धरलंय."

"मग यायला काय होतंय तिला?"

मी शेवयांचा वाडगा पुढे ठेवला. अर्धा वाडगा झाला आणि त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. गरम शेवया टाकून ह्या माणसानं हात थांबवला म्हणजे काहीतरी मोठं असणार, हे मी ओळखलं.

"तिनं शपथ घातलीय मला," म्हणाले.

"कसली?"

"तुला सांगायचं नाही अशी."

"मग नका सांगू."

"तिचा गुडघा गेलाय, बाओझेन."

मग सगळं बाहेर आलं. पाचवा मजला, वर जायला फक्त जिना. तू घरात बांबूचं स्टूल पुढे सरकवत सरकवत चालतेस. वर गेलीस ती गेलीसच, एकदाही खाली उतरलेली नाहीस. खिडकीतून भाजीवाल्याला दोरीनं टोपली सोडतेस. आणि जाताना त्या पहाटे तुला डोंगराच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून हाइमिंगनं तुला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. अंधारात नेलं. ताईंनी बघायला नको म्हणून.

आता कळलं मला. त्या संध्याकाळी तू चहाला बसली नाहीस, कारण बसली असतीस तर माझ्यासमोर तुला उठता आलं नसतं.

मी चुलीपाशी बसून रडले. हे घाबरले, त्यांना वाटलं धाप लागली. रागानं रडले ते वेगळं आणि तुझ्या आठवणीनं रडले ते वेगळं. अगं, मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? जाऊ दिलं नसतं, हेच ना? बरोबर आहे, नसतंच जाऊ दिलं. तुझं पाणी भरलं असतं, तुझी फळं उतरवली असती, आणि मधे मधे धापा टाकल्या असत्या. तेच तुला नको होतं. तू ह्यांना म्हणालीस म्हणे, "ताईंना श्वास पुरत नाही, त्यांच्यावर माझा गुडघा कुठे टाकू?" ते वाक्य ह्यांनी तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. फार वाईट नक्कल करतात.

मला छाती धड नाही, तुला गुडघा धड नाही. दोघी एका घरात असतो तर मिळून एक बाई तरी पुरती झाली असती!

विजेच्या भांड्याचंही कळलं. ते आहे, खरं आहे, ह्यांनी डोळ्यांनी बघितलं. पण मडकं तू अडगळ म्हणून दिलं नव्हतंस. तू परत येणार होतीस. गुडघा बरा होईल असं धरून चालली होतीस. मग तो बरा होईना, आणि मी तर दर पत्रात 'ये, ये' करत राहिले, तेव्हा 'ठेवा तुम्हीच' लिहून मोकळी झालीस. बरोबर आहे की नाही? उत्तर लिहू नकोस, मला ठाऊक आहे.

तुला येता येत नाही. मग मी येते. उन्हाळा सरू दे, थंडी पडायच्या आत येते. पाचवा मजला तर पाचवा मजला.

फळं कशी होती? ह्या वर्षी उन्हाकडच्या झाडांची गोड निघाली. ह्यांनी टोपलीतली किती वाटेत खाल्ली ते कळव.

तुझी ताई


सहावा महिना, ऐन काहिलीत

लिंगदी,

तुझं पत्र वाचून ह्यांना वाचायला दिलं, ते हसले, मग मीही हसले. 'ताई, येऊ नका. जिन्यात मरून पडाल आणि हाइमिंगला उचलावं लागेल.' अगं, एकीला उचललं त्यानं, दुसरी काय जड आहे? शिवाय मी मरायला येत नाहीये, तयारी करून येतेय.

गू वैद्यांकडे पाठीवर लेप लावून घेते. दर उन्हाळ्यात ते बोलावतात आणि दर उन्हाळ्यात मी टाळते, तुला माहीत आहेच. हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात गाठायचं असतं, ते बेसावध असताना. ह्या वर्षी पहिल्या दिवशी पहिली जाऊन उभी राहिले. मोहरीची पूड, आल्याचा रस, आणखी कायकाय. पाठीवर गोल गोल टिकल्या लावतात आणि पट्टी मारतात. त्यांच्या त्या खोलीत बायका पाठी उघड्या टाकून ओळीनं बसलेल्या, पंखे हलवतायत, आणि थोड्या वेळानं एकेक जण 'आई गं, आई गं' करायला लागते. माझ्या शेजारच्या बाईनं पट्टी वेळेआधी काढली. मी नाही काढली. फोड आला तरी नाही काढली.

मी वैद्यांना विचारलं, "गुण कधी येईल?"

"थंडीत कळेल."

"मला थंडीत नकोय. आठव्या महिन्यात पाच मजले चढायचेत."

"बाई, ही मोहरी आहे, आगगाडीचं वेळापत्रक नाही."

"मग मी चढू की नको?"

त्यांनी नाडी धरली, बराच वेळ धरली. म्हणाले, "चढा. प्रत्येक मजल्यावर बसा. आणि चढताना बोलू नका. तुमचा अर्धा श्वास बोलण्यात जातो."

हे शेजारीच उभे होते. त्यांना एवढा आनंद झाला की वैद्यांना त्यांनी घरची लोकाटच्या पानांची काकवी नेऊन दिली.

आता रोज ऊन उतरलं की चहाच्या मळ्याच्या पायऱ्यांवर जाते. चढते, बसते, चढते, बसते. हे बांबूचं स्टूल घेऊन मागून येतात. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंतसुद्धा गेले नाही, तिथेच बसले आणि वाटलं, आपल्यानं हे होत नाही. काल यांगमेईच्या मोठ्या झाडापर्यंत गेले. तिथून सरोवर दिसतं, त्याच्या पलीकडे वूशी. एक बाई पलीकडे बसलीय आणि खिडकीतून टोपली सोडतेय, असं मनात आलं आणि आणखी चार पायऱ्या चढले. बोलायचं नाही असं ठरवल्यावर मनात किती बोलणं होतं गं! सगळं तुझ्याशीच.

फार बरं चाललंय माझं. छातीत शिट्टी आहे, पण आता ती ओळखीची वाटते.

तुझ्या गुडघ्याला काय लावतेस? आल्याचा शेक घे. आणि मला 'येऊ नका' लिहिण्यात शाई घालवू नकोस.

ताई


आठवा महिना, पौर्णिमेच्या सणाआधी

लिंगदी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा आम्ही निघालेले असू. ह्यांनी तिकिटं काढली. पौर्णिमा तुझ्याकडे करू. मांसाचे मूनकेक सकाळी भाजून घेतले आहेत, तिथे पुन्हा गरम करू. कमळाची मुळं आहेत, तुझ्या बागेतल्या झाडाच्या पानांची काकवी आहे. पानं मीच घासली. तुझ्या जागेवर बसून घासली, कारण ह्यांनी घासली की चाळण होते.

जिन्यात मला वेळ लागेल. वरून हाका मारत बसू नकोस, मला उत्तर द्यायला बंदी आहे. दार उघडं ठेव आणि चहाला पाणी ठेव. पाचव्या मजल्यावर आले की आधी बसेन, श्वास आला की आधी तुला शिव्या देईन, मग रडेन, मग चहा घेईन. ह्या क्रमानं.

आणि हो, तुझं मडकं मी आणत नाहीये. ते परत करायची रीत नाही, ते इथेच राहील.

पण एक काम आहे तुझ्याकडे. मला तुझं ते विजेचं भांडं उसनं हवंय.

ह्यावरून इथे दुकानात केवढा वाद झाला! शेनबाई म्हणते, विजेच्या वस्तूला असली रीत लागू होत नाही, त्याला गॅरंटी कार्ड असतं. गू वैद्य म्हणाले, ग्रंथांत विजेबद्दल काही लिहिलेलं नाही. शेवटी हे म्हणाले, "रोगाला काय कळतंय, खाली जाळ आहे की वायर?" जन्मात पहिल्यांदा मला ह्यांचं म्हणणं पटलं.

तेव्हा हाइमिंग कुरकुरला तर कुरकुरू दे, भांडं मी नेणार. आणि नेलं की ते मी परत पाठवणार नाही. पोस्टानं नाही, कुणाच्या हातीही नाही. तुझं दुखणं बरं होवो न होवो, पुढच्या वर्षी फळं उतरायच्या वेळेला तू यायचंस. जिना बसत बसत उतर, भिंत धरून उतर, नाहीतर पोराच्या पाठीवर बसून ये. फक्त अंधारात येऊ नकोस. भर दुपारी ये. मी खाली रस्त्यावर उभी असेन, आणि बघेन. बघितलं म्हणून काही होत नाही, लिंगदी. तुझं भांडं न्यायला तुलाच यावं लागेल.

ताई